रकाना एकवीस

ऑक्टोबरात चार हजार दोनशे बारा नोंदी होत्या,
एमायोगी नदी तेव्हा वाहती होती.
आधी जुळी वेगळी केली:
एकच लेख तीन मासिकांत
तीन निराळ्या टोप्या घालून बसलेला.
मग गोषवारे पाखडले, खडे निवडावेत तसे काढले
रस्त्यावर मीठ टाकण्याबद्दलचे, घोड्यांच्या नालांबद्दलचे,
आणि एक स्केटिंग शिकवणाऱ्यांचा,
तो मात्र मी सगळा वाचला.
तार्तूत नदी गोठली त्या आठवड्यात
चाळणीवर उरले सतरा.

प्रश्न साधा आहे.
बुटांखाली खिळ्यांची पट्टी बांधली
तर बर्फावर म्हातारी माणसं कमी पडतात का?
माल्ले मावशी म्हणाली, मला विचारायचंस, फुकट सांगितलं असतं.

मी तिसऱ्या मजल्यावर, राइगो तळमजल्यावर.
दोघांनी तोच लेख सोलायचा,
एकमेकांना विचारायचं नाही,
शुक्रवारी रकान्याला रकाना लावून ताळा करायचा.
किती घेतले, किती वयाचे, किती पडले,
मनगट की खुबा.
एका लेखात आकडेच नाहीत, नुसते खांब छापलेत.
पडद्यावर पट्टी धरून मी खांबाची उंची मोजली:
साडेबारा माणसं.
राइगोला तेरा.
अर्धं माणूस कसं पडेल, यावर
कॉफी थंड होईपर्यंत भांडलो.

लेख अकरावा. फिनलंड, एकोणीसशे एक्क्याण्णव.
आले एकशे वीस, मोजले एकशे अकरा.
रकाना एकवीस, गळाल्याचं कारण:
कोरा.
लेखिकेचा ईमेल परत आला, दवाखाना बंद झालेला.
मग कागदावर लिहिलं, तिकीट चिकटवलं,
डॉ. आयला वेन्स्का, आणि एका गावाचं नाव
जे मला धड उच्चारता येत नाही.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं, अक्षर थरथरतं,
ओळी मात्र सरळ.

नऊ जण. वही अजून आहे माझ्याकडे.
दोघी मुलींकडे राहायला गेल्या, दक्षिणेला.
चौघं वारले, पडून नव्हे, हिवाळ्यानं.
एकाच्या पट्ट्या कुत्र्यानं खाल्ल्या.
एकीनं परत केल्या: खिळे वाजतात,
चर्चमध्ये सगळे वळून बघतात.
नववी माझी आई.
चिठ्ठी मीच उचलली होती, बिनपट्ट्यांचा गट निघाला.
नऊ फेब्रुवारीला सरपणाच्या ढिगाजवळ पडली,
संध्याकाळी सापडली.
मोजली असती, तर तिचं पडणं
माझ्या पट्ट्यांच्या बाजूनं गेलं असतं.
ते माझ्यानं झालं नाही.
तुमच्या पाहणीचं उत्तर निघालं की कळवा.

पत्र मी दोनदा वाचलं. मग स्कॅन केलं,
राइगोला पाठवलं, सोबत एक शब्दही नाही,
नियम म्हणजे नियम.

शुक्रवारी ताळा केला.
त्याचं: तुलनेचा गट, घटना एक, आधार लेखिकेचं पत्र.
माझंही तेच, स्वल्पविरामासकट.
फक्त आमची यंत्रणा खोडलेलंही जपून ठेवते.
त्याच्या रकान्यात, बुधवारी रात्री अकरा वाजून चार मिनिटांनी,
काही सेकंद 'आई' असं लिहिलेलं होतं.
मी ती खिडकी मिटली.
तोही काही बोलला नाही, म्हणाला, बारावा लेख जर्मन आहे, तू घे.

एकीची भर पडल्यानं
दशांशचिन्हानंतरचा तिसरा आकडा हलला.
सतरा लेखांची बेरीज खाली एका चौकटीत बसते,
पतंगासारखी,
आणि आमच्या पतंगाचं उजवं टोक
शून्य परिणामाच्या रेषेला टेकलंय.
म्हणजे, उपयोग होत असावा.
म्हणजे, ठामपणे सांगता येत नाही.

हे वाक्य फिनिशमध्ये कसं लिहायचं
ते मी राइगोच्या बायकोला विचारलंय.
तोवर पाकीट टेबलावर.

काल मावशीकडे गेले तर ती दारातच उभी,
बुटांवरून जुने लोकरीचे मोजे चढवलेले,
आणि अंगणातल्या काचेसारख्या बर्फावरून
शेणकुटं तुडवावीत तशी आरामात चालत गेली
पोस्टाच्या पेटीपर्यंत.
मोज्यांवर एकही लेख नाही.
चार हजार दोनशे बारांत
मी पुन्हा शोधून पाहिलं.